पुढे पुरुष, मागे बायका

सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या पद्माकरला एकच व्यसन होतं. दारू नाही, सिगारेट नाही, शनिवारच्या लॉटरीचं तिकीटसुद्धा नाही. त्याला माणसं बोलवायचं व्यसन होतं. ओळखीचा चेहरा दिसला की तोंडातून "या ना घरी" निघालंच म्हणून समजा. चेहरा ओळखीचा नसला तर आधी ओळख काढायची आणि मग बोलवायचं, एवढाच फरक. एकदा हार्डवेअरच्या दुकानात खिळे आणायला गेला आणि रांगेत पुढं उभ्या असलेल्या अकोल्याच्या जोडप्याला रविवारच्या जेवणाचं आमंत्रण देऊन परत आला. खिळे राहिलेच. आधी ऑस्ट्रेलियातच टूवूंबाला शिकत होता तेव्हासुद्धा चार पोरांत एक कोंबडी शिजायची आणि हा ताटावर आणखी चौघांना बसवायचा. बरं, बोलावून हा मोकळा! पुढचं सगळं निस्तरायचं कोणी? सुचित्रानं. सुचित्रा म्हणजे त्याची बायको, आणि ही गोष्ट खरं तर तिचीच आहे.

सुचित्रा म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये नर्स होती, कायमची दिवसपाळी. पद्माकर एअरपोर्टच्या कार्गो शेडमध्ये सुपरवायझर, कायमची रात्रपाळी. मयूरा झाली तेव्हा दोघांनी ठरवलं होतं की पोरीजवळ कोणीतरी एक जण असलंच पाहिजे, म्हणून तू दिवसा, मी रात्री. ती शाळेत जाईपर्यंतच हं. मग ती शाळेत गेली, मग घर घेतलं, मग हायस्कूल, मग ट्यूशन. आता पोरगी युनिव्हर्सिटीत पोचली तरी पाळ्या जिथल्या तिथं. "बदलू या की आता," असं दोघंही वर्षाकाठी एकदा म्हणायचे आणि आपापल्या शिफ्टला जायचे.

त्यामुळे या दोघांचा सगळा संसार झाला तो घरासमोरच्या ड्राइव्हवेत. सकाळी त्याची गाडी आत यायची तेव्हा तिची बाहेर निघत असायची. दोन गाड्या शेजारी शेजारी थांबायच्या, दोन्ही काचा खाली जायच्या आणि पाच मिनिटांत संसार उरकायचा. मयूराला ताप आहे, पॅनाडॉल दिलंय. मसूर भिजवलेत, कुकर लाव. प्लंबर येणार आहे, त्याला तुझ्या गप्पांत अडकवू नकोस. पद्माकर एअरपोर्टवरून तिच्यासाठी कॉफी आणायचा, ती क्वेकर्स हिलला पोचेपर्यंत कोमट व्हायची, आणि तो ती खिडकीतून तिच्या हातात द्यायचा. पहिली गाडी जुनी कोरोला होती, हातानं हँडल फिरवून काच खाली करायची. ती काच अर्ध्यावर अडायची, मग पद्माकर दोन हिसके द्यायचा आणि ती धाडकन खाली जायची. कोरोला केव्हाच भंगारात गेली, ड्राइव्हवे चालू राहिला.

आणि शनिवार-रविवार? त्या दिवशी तरी दोघं घरात असायची ना? असायची की! पण बरोबर आणखी आठ-दहा जण असायचे. ते अकोल्याचे, शेजारचे पंजाबी, मंडळाच्या नाटकातली माणसं. सुचित्रा पोळ्या लाटायची आणि पद्माकर बाहेर बार्बेक्यूपाशी कणसं भाजत हसत असायचा. तिला वाटायचं, माणूस किती मोकळा आहे हा. सगळ्यांशी.

तिच्या नर्सिंग होममध्ये एक म्हातारं जोडपं होतं. दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी, मध्ये टीव्हीचा रिमोट. दिवसभरात एक अक्षर बोलायचे नाहीत. भांडण नाही, राग नाही, काही नाही. आधी सुचित्राला त्यांचं कौतुक वाटायचं, मग एक दिवस त्यांना औषध देता देता तिच्या डोक्यात आलं. आम्ही दोघं रिटायर झालो, पाळ्या संपल्या, ड्राइव्हवे संपला, की मग काय? आमच्याकडे पाच मिनिटांपेक्षा जास्त काही आहे का? हे तिला कळायलाच हवं होतं, आणि रिटायर होण्याच्या आत कळायला हवं होतं.

नर्सिंग होमच्या हॉलमधल्या कॅलेंडरवर त्या महिन्यात व्हेनिसचं चित्र होतं. जुनी घरं, त्यांच्या पायऱ्या थेट पाण्यात, आणि गल्लीच्या जागी कालवा. चित्र बघून सगळे अहाहा करायचे ते त्या घरांसाठी. सुचित्राला त्यात वेगळंच दिसलं. त्या गावात गाड्याच नव्हत्या. गाड्या नाहीत म्हणजे ड्राइव्हवे नाही. नावेत बसायचं तर शेजारी शेजारीच बसावं लागणार, आणि पाच मिनिटांत उतरताही येणार नाही!

दुसऱ्या दिवशी तिनं काच खाली केली आणि सांगून टाकलं. "लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. व्हेनिसला जायचं. दोघंच."

"दोघंच?" पद्माकर म्हणाला.

"दोघंच."

"बरं," असं म्हणून त्यानं कॉफी पुढं केली. त्याचा हात जरा थबकला, पण तिला उशीर होत होता.

आता पुढचा प्रकार ऐका. तिकिटं काढण्याच्या आधीच्या शनिवारी दोघं पेंडल हिलच्या देशी बाजारात वाणसामान आणायला गेले होते. तिथं दुकानात शिरीष आणि चारुता हे ओळखीचं जोडपं भेटलं. कुठं निघालात, काय विशेष, असं बोलणं झालं आणि पद्माकर म्हणाला, "व्हेनिसला चाललोय. चला ना तुम्हीपण!"

तसं यात काही वावगं नव्हतं. आपल्यात असं म्हणायचंच असतं. जेवत असलो तर "या जेवायला" म्हणायचं, गावाला निघालो तर "चला ना" म्हणायचं. आणि समोरच्यानं काय करायचं असतं? "छे छे, तुम्ही जाऊन या, फोटो पाठवा," असं म्हणायचं असतं. म्हणणाऱ्याची शोभा राहते, ऐकणाऱ्याचा मान राहतो, आणि कोणी कुठं जात नाही. इतकी साधी रीत आहे. पण शिरीषला ऑस्ट्रेलियात येऊन इतकी वर्षं झाली होती, आणि त्याच्या ऑफिसात इतके गोरे होते, की त्याची मराठी शाबूत राहिली तरी हे उत्तर तेवढं पुसलं गेलं होतं. त्यांच्यात कोणी "येतोस का?" विचारलं की तो खरंच विचारत असतो, आणि यायचं असेल तर "येस, वाय नॉट" म्हणायचं असतं.

"येस, वाय नॉट, मेट!" शिरीष म्हणाला. "लीव्ह पडूनच आहे माझी. कधीची तिकिटं?"

चारुतानं त्याच्या हाताला चिमटा काढला, तो सुचित्रानं स्वतः पाहिला. पण शिरीषला वाटलं डास चावला. सुचित्राच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती, तिचे देठ तिनं तिथल्या तिथं चुरगळून टाकले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "मी दोघंच म्हटलं होतं."

"अगं, मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं. तो हो म्हणेल असं कोणाला वाटणार?" पद्माकर रस्त्याकडे बघत म्हणाला.

मयूराला कळलं तेव्हा ती किंचाळली. "आई, आर यू सिरियस? इट्स युअर अ‍ॅनिव्हर्सरी! जस्ट टेल देम नो!" आता या पोरीला कसं समजावायचं? आपणच बोलावलेल्या माणसाला नको येऊ म्हणून सांगायचं? त्यापेक्षा व्हेनिसच रद्द करणं सोपं.

तर अशी ही चौघं निघाली. आणि मग सुरू झाली ती दुसरी रीत. सिडनीत दोन जोडपी एका गाडीतून कुठंही जायला निघाली की पुरुष पुढे आणि बायका मागे. कोणी ठरवलेलं नाही, कोणी लिहिलेलं नाही. पुढचे क्रिकेट आणि इंटरेस्ट रेटवर बोलतात, मागच्या मुलांवर आणि सासवांवर. विमानात चौघांना दोन-दोन सीट मिळाल्या, तर पद्माकर आणि शिरीष आपसूक पुढच्या दोनांत जाऊन बसले. व्हेनिसला पोचल्यावर पाण्यातल्या बसमध्येही तेच. जेवायला गेले तर टेबलाच्या त्या बाजूला पुरुष, या बाजूला बायका. पहिल्या दिवशी ते हिरवं पाणी, वर दोरीवर वाळणारे कपडे, पुलामागून पूल, असं सगळं सुचित्राला दिसत होतं आणि तिच्या शेजारी चारुता सांगत होती की तिनं बॅगेत छोटा कुकर आणलाय, त्यामुळे भाताची काळजी नाही.

हॉटेलात खोल्या शेजारी शेजारी. भिंत इतकी पातळ की शिरीषची शिंक यांच्या उशीशी यायची. संध्याकाळी सुचित्राला कालव्याकाठी बसायचं होतं, तर पद्माकर म्हणाला, "चौघं आहोतच तर मेंढीकोट मांडू या का?" आता सांगा! माणसं जन्मात एकदा या गावाला येतात, आणि हे चौघं पलंगावर मांडी ठोकून पत्ते कुटतायत. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुचित्रानं पद्माकरला हलवून उठवलं. "चल, गाव उठायच्या आत दोघंच फिरून येऊ." तो तयार झाला, खाली गेला, आणि ती केस विंचरून खाली आली तर दारात शिरीष बुटाची नाडी बांधत होता.

"तो जागाच होता गं. म्हटलं, चल." पद्माकर म्हणाला.

सुचित्रानं कपाळावर हात मारून घेतला. मोठ्यानं मारला, कोणी पाहिलं तरी तिची हरकत नव्हती.

मग तिनं शेवटचा उपाय केला. गोंडोला, म्हणजे तिकडची ती लांब काळी नाव. एका नावेत चौघं सहज मावले असते आणि शिरीष तसंच म्हणत होता. पण तिनं कोणाला न विचारता दोन नावा ठरवल्या. दोन नावा, दोन जोडपी. प्रत्येक नावेत दोघांपुरती लाल गादीची मुख्य बैठक, मोजून एक. या हिशोबात चूक व्हायला जागाच नव्हती. तिनं ठेवणीतली जांभळी साडी नेसली. मयूरानं व्हिडिओ कॉलवर बघून "आई, यू लुक सो प्रिटी" म्हटलं, तेव्हा तिला लाजल्यासारखं झालं.

चौघं घाटाच्या पायऱ्यांवर आले. पहिली नाव लागली. नाववाल्यानं हात पुढं केला. शिरीष उतरला आणि बसला. त्याच्यामागून पद्माकर उतरला आणि त्याच्या शेजारी बसला. सवयच ती! नाववाल्यानं एकदा त्या दोघांकडे पाहिलं, एकदा पायरीवरच्या जांभळ्या साडीकडे पाहिलं, खांदे उडवले आणि वल्हं मारलं. लाल मखमलीवर मांडीला मांडी लावून दोन पोट सुटलेले मराठी बाप्ये प्रणयविहाराला निघाले.

"अरे!" सुचित्रा ओरडली. पण तोपर्यंत नाव वळणाआड गेली होती.

मागच्या नावेत तिच्या शेजारी चारुता बसली. "जाऊ दे गं," चारुता म्हणाली. "मला तर बाई बरंच वाटलं तुम्ही आहात ते. आम्ही दोघंच असलो की शिरीष फोनमध्ये तोंड घालून बसतो. मग मी पण माझा काढते." सुचित्रानं तोंड भिंतीकडे वळवलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि भिंतींवर पाण्याचा उजेड हलत होता तो तिला नीट दिसतही नव्हता. झालं तर मग, तिला वाटलं. कळलं उत्तर. इतक्या लांब येऊन कळलं.

दोन वळणांनंतर मात्र कालवा तुंबलेला निघाला. भाजीचे खोके उतरवणारी एक रुंद बोट आडवी लागली होती आणि पुरुषांची नाव तिच्यामागे अडकून पडली होती. बायकांची नाव सरकत सरकत तिच्या अगदी बाजूला येऊन थांबली. नाववाले एकमेकांवर आणि भाजीवाल्यावर ओरडायला लागले. सुचित्राचं कोपर नावेच्या काठावर होतं आणि तिथून वितीवर पद्माकरचं कोपर होतं.

"मयूराचा फोन आला होता का?" पद्माकरनं विचारलं.

"आला होता. घर आवरलंय म्हणाली."

"थापा मारतेय. कॅमेरा सिंककडे वळवला का तिनं?"

"नाही वळवला. तू बीपीची गोळी घेतलीस?"

"घेतली. तुझा गुडघा कसाय? ते पूल चढउतार करून सुजला असेल."

"दुखतोय. सांगणार कोणाला? तू पुढं, मी मागं."

"थांब, स्प्रे आहे माझ्याकडे," पद्माकर म्हणाला, आणि खरंच त्यानं जॅकेटच्या खिशातून दुखण्यावरचा स्प्रे काढून तिच्या हातात दिला. सिडनीहून आणला होता, तिला न सांगता. "आणि आज साडी चांगली दिसतेय. पायरीवरच म्हणणार होतो, पण मग नाव आली."

सुचित्रा त्या स्प्रेकडे बघत राहिली. आल्यापासून हा माणूस तिच्याशी एवढं बोलला नव्हता. आणि आत्ता कसा घडाघडा बोलत होता! हा आवाज तिच्या ओळखीचा होता. रोज सकाळी खिडकीतून यायचा तोच.

"पद्माकर," ती म्हणाली, "तू यांना का बोलावलंस?"

हे तिनं अगदी स्पष्ट विचारलं. शिरीष त्याच्या शेजारी होता, चारुता तिच्या शेजारी होती, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

पद्माकरनं पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला माहीत होतं शिरीष हो म्हणणार. अख्ख्या सिडनीत हो म्हणेल असा तो एकटाच आहे. म्हणून त्यालाच विचारलं."

"म्हणजे?"

"तू दोघंच म्हणालीस. मी शेडमध्ये विचार करत बसायचो, की दिवसभर बोलणार काय? ड्राइव्हवेत पाच मिनिटं असतात आणि माझ्याकडे पाच मिनिटांचंच बोलणं असतं गं. ते संपलं की पुढं काय? तुला कळलं असतं ना, की या माणसाच्या आत दुसरं काहीच नाही. घरी शनिवार-रविवारी तरी मी एवढी माणसं कशाला गोळा करतो?" तो नावेचा काठ नखानं खरडायला लागला. "भीती वाटली मला. बस."

  मग शिरीषनं हळूच मान वळवली. "चारुता, म्हणजे असं विचारलं की नाही म्हणायचं असतं का?"

"पेंडल हिलपासून तेच सांगतेय मी," चारुता म्हणाली. "चिमटा काढला होता ना!"

सुचित्राला आधी संताप आला. पंचवीस वर्षं! पंचवीस वर्षं पोळ्या लाटल्या त्या याच्या भीतीला वाढायला? आणि मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू आलं, कारण हीच्या हीच भीती ती स्वतः सिडनीहून इथवर घेऊन आली होती. त्यानं माणसं बोलावून झाकली, तिनं नावा ठरवून. वेगळं काय केलं होतं तिनं?

"शिरीष," डोळे पुसून ती म्हणाली, "उठा. इकडे या."

"आय थिंक तेच बरं," शिरीष म्हणाला.

भाजीची बोट हलल्यावर दोन्ही नावा पुढच्या पायऱ्यांना लागल्या. सुचित्रा साडी सावरत उतरली, शिरीष उतरला, आणि जागांची अदलाबदल झाली. पहिल्या नाववाल्यानं जांभळी साडी आपल्या नावेत आलेली पाहून टाळी वाजवली. मागच्या नावेत शिरीष आणि चारुता शेजारी शेजारी बसले, आणि परीक्षेचा पेपर हातात पडल्यासारखे एकमेकांकडे बघायला लागले. पण त्यांचं ते बघतील.

नाव चालायला लागली. वल्ह्याचा आवाज, लांब कुठंतरी चर्चची घंटा, बाकी सगळं शांत. सुचित्रा आणि पद्माकर शेजारी शेजारी बसले होते. त्यानं घसा खाकरला. तिनं पदर नीट केला. त्यानं गुडघ्यावर हात ठेवले, उचलले, परत ठेवले. समोरच्या पुलावर एक देशी जोडपं फोटो काढत होतं. पद्माकरचा चेहरा एकदम फुलला, हात वर झाला, तोंड उघडलं.

"खबरदार!" सुचित्रा म्हणाली.

त्यानं तोंड मिटलं. नाव पुलाखालून गेली, अंधार झाला, परत उजेड आला.  ते म्हातारं जोडपं सुचित्राच्या डोळ्यांसमोर येऊन उभं राहिलं. दोन खुर्च्या आणि मध्ये रिमोट.

"बोल ना काहीतरी," पद्माकर काकुळतीला येऊन म्हणाला.

सुचित्रानं समोर बघत उत्तर दिलं, "आधी काच खाली कर."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा हात मधल्या रिकाम्या हवेत गेला आणि तिथं नसलेलं एक हँडल धरून फिरवायला लागला. अर्ध्यावर हात अडला. त्यानं दोन हिसके दिले, आणि काच खाली गेली.